चिमाल्तेनांगो: भागीदारीतली जोखीम कुणाच्या वाट्याला?

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर, मी फळ्यावर सात गोष्टी लिहिते. आजारांवरचे उपचार, आरोग्याचं प्रशिक्षण, कुपोषण, लोकसंख्या, शेतीचं उत्पादन आणि विक्री, जमिनीची मालकी, सामाजिक-आर्थिक अन्याय. समोर आशाताई असतात, संस्थांचे कार्यकर्ते असतात. त्यांना सांगते, डोंगराळ भागातल्या गरीब गावांत तुम्ही काम सुरू करताय, हाताशी पैसा बेताचा आहे, तर यांचा क्रम लावा. उत्तर दरवर्षी थोड्याफार फरकानं तेच येतं. कुपोषण आणि उपचार वर, प्रशिक्षण मधे, जमीन आणि अन्याय तळाला. तळाला टाकताना कुणीतरी हळूच म्हणतंच, की ते काही आपल्या हातात नाही.

मग मी त्यांना मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशातल्या एका डॉक्टरांची यादी दाखवते. कॅरोल बेरहोर्स्ट त्यांचं नाव. त्यांच्या यादीत सामाजिक आणि आर्थिक अन्याय पहिला, जमीन दुसरी, शेतीचं उत्पादन आणि विक्री तिसरी, लोकसंख्या चौथी, कुपोषण पाचवं, आरोग्याचं प्रशिक्षण सहावं आणि उपचार सातवे. हे लिहिणारा माणूस रोज सकाळी शेकडो रुग्णांच्या गर्दीत बसणारा होता, म्हणून मला ही यादी महत्त्वाची वाटते. खुर्चीत बसून विकासावर बोलणाऱ्याची ती नव्हती.

हे प्रकरण मी इतक्यांदा सांगितलंय, की एकदा सलग लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं. बाहेरच्या संस्था आणि गावातली माणसं एकत्र येऊन आरोग्याचं, शिक्षणाचं काम करतात त्याला आपण सर्रास ‘भागीदारी’ म्हणतो. धंद्यातल्या भागीदारीत आपण पहिल्यांदा विचारतो, की बुडालं तर कुणाचं किती जाणार? सेवेच्या कामात हा प्रश्न कुणी विचारत नाही. बेरहोर्स्ट जिथे काम करत, त्या चिमाल्तेनांगोनं तो विचारायला लावला.

उचल आणि ट्रक

चिमाल्तेनांगो हे गाव ग्वाटेमालाच्या राजधानीपासून पश्चिमेला साधारण पन्नास किलोमीटरवर, पॅन-अमेरिकन महामार्गावर. उंची अठराशे मीटर. त्याच नावाचा जिल्हा आजूबाजूच्या डोंगरांत पसरलाय आणि तिथली बहुसंख्य माणसं काकचिकेल माया. माया म्हटलं की आपल्याकडे जंगलातले पिरॅमिड आणि जुनी पंचांगं आठवतात. ग्वाटेमालात मात्र आज लाखो माया माणसं राहतात, बावीस माया भाषा बोलतात, मका आणि घेवडा पिकवतात. बाया अजून गावच्या वेगळ्या विणीचं ‘ऊय्पील’ नावाचं झंपर घालतात. विणीवरून बाई कुठल्या गावची ते कळतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

जमिनीचं गणित सोपं आणि वाईट होतं. १९७९च्या कृषी गणनेत दिसलं, की अडीच टक्क्यांच्या आसपास शेतमालकांकडे देशातली सुमारे ६५ टक्के शेतजमीन आहे. चांगली, सपाट, किनाऱ्याकडची जमीन कॉफी, ऊस आणि कापसाच्या मोठ्या मळ्यांकडे. डोंगरावरची उताराची माती माया कुटुंबांकडे, तीही पिढीगणिक तुकडे पडत गेलेली. १९५२ साली अध्यक्ष हाकोबो आर्बेन्स यांनी जमीन वाटपाचा कायदा आणला, १९५४ साली अमेरिकी गुप्तचर खात्यानं घडवलेल्या उठावात त्यांचं सरकार गेलं आणि वाटलेली जमीन बहुतेक परत घेतली गेली.

मग वर्षातले काही महिने ही कुटुंबं मळ्यांवर मजुरीला जायची. गावात एक माणूस यायचा, सणाला किंवा दुखण्याखुपण्याला आगाऊ पैसे द्यायचा आणि हंगामात ट्रक भरून माणसं खाली किनाऱ्याला न्यायचा. तिकडे त्याला ‘आबिलितादोर’ म्हणत. हा शब्द मी बीड किंवा आष्टीकडच्या बायांसमोर उच्चारला की अर्थ सांगावा लागत नाही. उचल, मुकादम, ट्रक, फडावरची झोपडी, शाळेतून नाव कमी झालेलं पोर. पाच हजार कोसांवरची गोष्ट आहे म्हणून कुणी ती परकी मानत नाही.

अंगणातल्या चुली

बेरहोर्स्ट अमेरिकेत कॅन्ससमध्ये डॉक्टरकी करत होते. चांगला चाललेला दवाखाना सोडून ते लुथरन मिशनमार्फत ग्वाटेमालात आले आणि १९६२ साली त्यांनी चिमाल्तेनांगोत दवाखाना सुरू केला. त्याआधी ते गावागावांतून हिंडले, लोकांकडे बसले, काय दुखतं-खुपतं ते ऐकलं.

दवाखाना पुढे वाढून छोटं रुग्णालय झालं, पण रुग्णालयासारखं दिसत नव्हतं. रुग्णाबरोबर घरचं माणूस राहायचं. अंगणात चुली पेटायच्या, मक्याच्या भाकऱ्या थापल्या जायच्या, पोरं आईच्या खाटेजवळ झोपायची. मायांच्या घरात आजारी माणसाला एकटं ठेवत नाहीत. सरकारी रुग्णालयात नेमकं हेच होत नव्हतं. तिथे बाईचे स्वतःचे कपडे काढून घेत, नवऱ्याला फाटकाबाहेर उभा करत आणि सगळं स्पॅनिशमध्ये बोलत. बेरहोर्स्टनी उपचारांचे पैसेही घेतले, अगदी थोडे, पण घेतले. फुकट घ्यायला आलेला माणूस मान खाली घालून उभा राहतो आणि पैसे देणारा प्रश्न विचारतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

रुग्ण बरे होऊन घरी जात आणि काही महिन्यांत तेच मूल पुन्हा हगवण घेऊन, पुन्हा वजन उतरून परत येई. दवाखान्यात काम केलेल्या प्रत्येकाला ही चक्की ठाऊक आहे. तेव्हा गावातच उपचार करू शकेल असं माणूस हवं, या विचारातून ‘प्रोमोतोर’ म्हणजे आरोग्य प्रोमोटर तयार करायला सुरुवात झाली. निवड गावच्या समितीनं करायची. निवडलेला माणूस आठवड्यातून एक दिवस चिमाल्तेनांगोला यायचा, बाकीचे दिवस आपली शेती करायचा.

त्या एका दिवसाचं रूप मला फार आवडतं. आधी वॉर्डात फेरी. डॉक्टरांबरोबर प्रोमोटर खाटेखाटेला जाणार, हात लावून बघणार, श्वास मोजणार. वर्गातला धडा ‘श्वसनसंस्था’ असा नसायचा. ‘खोकला आहे, ताप आहे, मूल दम टाकतंय, आता काय कराल?’ असा असायचा. लक्षणापासून सुरुवात आणि लक्षणावरच परीक्षा. प्रोमोटर इंजेक्शनही देत आणि माफक फी घेत. दरवर्षी त्याचा परवाना नव्यानं तपासला जाई आणि गावची तक्रार असेल तर तो जाई. देशातल्या डॉक्टरमंडळींना हे रुचलं नाही. जेमतेम शाळा शिकलेला शेतकरी सुई टोचतो, म्हणजे काय? त्यांचा आक्षेप मी सरसकट मोडीत काढणार नाही, चुकीच्या हातातलं प्रतिजैविक हा खरा धोका आहे. पण ज्या गावात डॉक्टर कधी येणारच नव्हता, तिथे तुलना डॉक्टर आणि प्रोमोटर यांच्यात नव्हती. कुणीतरी असणं आणि कुणीच नसणं, एवढेच दोन पर्याय होते.

इथे आपला धागा जुळतो. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं केनेथ न्यूवेल यांनी संपादित केलेलं ‘हेल्थ बाय द पीपल’ हे पुस्तक काढलं. जगभरातल्या निवडक प्रयोगांची त्यात माहिती होती. त्यात एक प्रकरण चिमाल्तेनांगोचं होतं आणि एक आपल्या जामखेडचं, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये सुरू केलेल्या कामाचं. तीन वर्षांनी आल्मा-आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जो ठराव झाला, त्यामागे असल्या प्रयोगांचं बळ होतं. कॅन्ससचा एक डॉक्टर आणि नगर जिल्ह्यातलं एक डॉक्टर दांपत्य, दोघांना गावात गेल्यावर सारखीच उत्तरं सापडली. एक फरक मात्र मोठा होता. चिमाल्तेनांगोतले प्रोमोटर बहुतेक पुरुष होते, कारण थोडंफार स्पॅनिश लिहिता-वाचता येणारे तेच होते. जामखेडनं अक्षरओळख नसलेल्या बायांवर भिस्त ठेवली, त्यातही दलित बायांवर. मला विचाराल तर या बाबतीत जामखेड पुढे होतं.

माती

यादीत जमीन दुसरी आहे म्हटल्यावर ती कागदावर ठेवून चालणार नव्हतं. बेरहोर्स्टच्या संस्थेनं जमीन खरेदीसाठी कर्जाची योजना काढली. विकायला निघालेला मोठा तुकडा घ्यायचा, भूमिहीन कुटुंबांना वाटून द्यायचा, हप्त्यानं पैसे फेडून घ्यायचे आणि त्या पैशात पुढचा तुकडा. या उपक्रमाचं नाव ‘उलेऊ’, काकचिकेलमध्ये माती.

पण मिळालेली जमीन उताराची आणि धुपून गेलेली. जिल्ह्यातल्या सान मार्तीन हिलोतेपेके या भागात १९७२पासून दुसरी भागीदारी उभी राहिली. पैसा ब्रिटनच्या ऑक्सफॅम या मदतसंस्थेचा, काम अमेरिकेतल्या ‘वर्ल्ड नेबर्स’ संस्थेचं आणि शिकवणारे तिथलेच काकचिकेल शेतकरी. रोलंड बंच हे त्यातलं पुढे गाजलेलं नाव. पद्धत आपल्या पाणलोटवाल्यांना ओळखीची वाटेल: समपातळीत चर खणायचे आणि चराच्या काठानं नेपियरसारखं गवत लावायचं. गवतानं माती अडते आणि तेच गवत जनावरांना होतं. शेणखत, हिरवळीचं खत. आणि एक नियम फार कडक होता. पहिल्या वर्षी शेतकऱ्यानं हा प्रयोग आपल्या रानाच्या छोट्या तुकड्यावरच करायचा. चर खणायला मजुरी नाही, बियाणं फुकट नाही. ज्याचा मका शेजारच्यापेक्षा डोळ्यांत भरेल त्यानं पुढच्या वर्षी इतरांना शिकवायचं.

आकडे सांगते, कारण ते संस्थेनं आपल्या अहवालापुरते काढलेले नाहीत. काम संपून पंधरा वर्षं झाल्यावर बंच आणि गाबिनो लोपेझ यांनी पुन्हा जाऊन पाहिलं आणि १९९५ साली ते छापलं. सुरुवातीला मक्याचं उत्पन्न हेक्टरी चार क्विंटलच्या आसपास होतं. १९७९मध्ये कार्यक्रम संपला तेव्हा पंचवीस क्विंटलच्या घरात. संस्था निघून गेल्यानंतर, १९९४मध्ये, पंचेचाळीसच्या घरात. शिकवलेली कित्येक तंत्रं शेतकऱ्यांनी तोवर सोडून दिली होती आणि स्वतःची नवी काढली होती. संस्थेच्या मूल्यमापनाचा तक्ता घेऊन कुणी गेलं असतं तर ‘तंत्राचा अवलंब घटला’ असं लिहून मोकळं झालं असतं. मजुरीचे दर वाढले होते, किनाऱ्याकडे जाणारी माणसं कमी झाली होती.

पहाटे तीन

सान मार्तीनचा हा कार्यक्रम चालू असतानाच एक भूकंप झाला. ४ फेब्रुवारी १९७६, पहाटे तीनच्या सुमारास, तीव्रता ७.५. देशात सुमारे २३,००० माणसं गेली, दहा लाखांवर बेघर झाली. सान मार्तीन जवळजवळ सपाट झालं. कच्च्या विटांच्या भिंती आणि त्यावर जड कौलं, झोपेत असलेल्या माणसांवर सगळं कोसळलं. किल्लारीची पहाट ज्यांनी पाहिली त्यांना माळवद म्हणजे काय ते सांगायला नको.

त्यानंतरचे महिने या प्रकरणातला सगळ्यात बारकाईनं बघण्यासारखा भाग आहे. जगभरातून मदत आली. अमेरिकेतून धान्याचे ढीग आले. पण त्या वर्षी मक्याचं पीक उत्तम आलं होतं आणि नुकतंच घरात पडलं होतं. घर कोसळलं तरी मका ढिगाऱ्याखाली होता, उपसून काढता येत होता. शेतकऱ्याला धान्य नको होतं, रोख पैसा हवा होता, डोक्यावर पत्रा टाकायला. तो पैसा मका विकूनच येणार. पण फुकट धान्य आल्यावर विकत कोण घेणार? बाजारात भाव पडला. लोक स्वतःच्या रानात कामाला जायचे सोडून धान्याच्या रांगेत उभे राहू लागले. काही महिन्यांत सरकारलाच बाहेरून येणारं धान्य थांबवायला सांगावं लागलं.

ऑक्सफॅम आणि वर्ल्ड नेबर्सनं वेगळं केलं. गावात आधीपासून असल्यामुळे त्यांना विचारायला माणसं होती. भिंतीच्या विटा आणि लाकूड ढिगाऱ्यातून निघत होतं, कमी होतं ते हलकं छप्पर. त्यांनी नालीदार पत्रे आणले आणि विकले. सवलतीत, पण विकले. विक्रीतून आलेला पैसा पुन्हा गावातल्याच कामांत घातला. त्याला जोडून ‘कुचुबाल’ नावाचा कार्यक्रम चालवला. काकचिकेलमध्ये हा शब्द साधारण आपल्या इर्जिकीसारखा, एकमेकांच्या कामाला हात लावण्याचा. त्यात गवंड्यांना आणि घरमालकांना शिकवलं: कोपऱ्याला ताण कसा द्यायचा, भिंतीची उंची किती ठेवायची, खिडकी कोपऱ्याजवळ का नको.

भूकंपग्रस्ताला पत्रा विकणं ऐकायला कठोर वाटतं. प्रशिक्षणात इथे दरवेळी वाद होतो आणि मी तो होऊ देते. ज्या घरातली कमावती माणसं गेली, त्या विधवेनंही पत्रा विकतच घ्यायचा का, असा प्रश्न आला की माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नसतं. तिच्यासाठी वेगळी सोय हवीच. पण ज्या गावांत सगळंच फुकट वाटलं गेलं, तिथे बरोबरीनं काम करायची जुनी सवय मोडली. ‘पैसे मिळत असतील तर येतो’ हे वाक्य तिथे भूकंपानंतर रूढ झालं, असं तिथे काम केलेल्या माणसांनी नोंदवून ठेवलंय. ते वाक्य आपल्याकडेही मला गावोगाव भेटतं आणि बहुतेक ठिकाणी ते कुठल्यातरी संस्थेनं पेरलेलं असतं.

ज्यांची नावं यादीत गेली

आता जे सांगायचं ते सांगताना माझा आवाज दरवेळी बदलतो.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गनिमी गट आणि लष्कर यांच्यातलं युद्ध डोंगराळ भागात पसरलं. १९७८ ते १९८२ जनरल रोमेओ लुकास गार्सिया आणि मग १९८३पर्यंत जनरल एफ्राइन रिओस माँट, या दोघांच्या काळात लष्करानं माया गावांवर मोहीम उघडली. गावातला जो माणूस वाचू शकतो, चार लोकांना जमवू शकतो, शहरात जाऊन अधिकाऱ्याशी बोलू शकतो, तो लष्कराच्या लेखी संशयित. म्हणजे शाळामास्तर, सहकारी संस्थेचा सचिव, चर्चमधला धर्मशिक्षक. आणि आरोग्य प्रोमोटर. दर आठवड्याला ठरल्या दिवशी चिमाल्तेनांगोला जाणारा, पिशवीत औषधं असलेला, गावानं निवडलेला माणूस. जमिनीच्या योजनेवर तर साम्यवादाचा शिक्का आधीच बसला होता.

प्रोमोटर मारले गेले. काही रात्री घरातून नेले गेले आणि परत आले नाहीत. काहींनी डोंगरात, राजधानीत, मेक्सिकोत पळ काढला. औषधाची पिशवी घरात सापडणं हाच पुरावा होता, म्हणून लोकांनी औषधं पुरली, वह्या जाळल्या. बायांनी गावचं ऊय्पील घालायचं सोडलं, कारण विणीवरून गाव कळत होतं आणि काही गावांची नावं सांगणं म्हणजे मरण होतं. चिमाल्तेनांगो जिल्ह्यात हत्याकांडं झाली, सान मार्तीनच्या परिसरातही. चर खणून मका वाढवणाऱ्या शेतकरी-शिक्षकांतलेही बळी गेले.

१९९९ साली सत्यशोधन आयोगानं अहवाल दिला. सगळ्या युद्धात मारल्या गेलेल्या आणि बेपत्ता झालेल्यांची संख्या दोन लाखांवर. ओळख पटलेल्या बळींत ८३ टक्के माया. ९३ टक्के कृत्यांची जबाबदारी सरकारी बळांवर. याच जिल्ह्यातल्या सान हुआन कोमालापा गावाजवळच्या जुन्या लष्करी तळावर विधवांच्या कोनाविग्वा या संघटनेनं पाठपुरावा केला, न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञांच्या संस्थेनं खोदकाम केलं आणि २००३ ते २००५ या काळात २२० जणांचे अवशेष वर आले. बहुतेकांची ओळख पटली नाही. २०१८मध्ये १७२ जणांना त्याच जागी पुन्हा मूठमाती दिली, आज तिथे स्मारक आहे. ही पण बाहेरची संस्था आणि गावातल्या बाया यांची भागीदारीच, फक्त तिच्या अर्जात ‘लाभार्थी संख्या’ भरता येत नाही.

बेरहोर्स्टांच्या कामावर मी प्रेम करते. ते १९९०मध्ये वारले, त्यांची यादी आजही मला बरोबर वाटते. तरी हा प्रश्न मी त्यांच्या कामालाही विचारते. अन्याय पहिला, जमीन दुसरी असं म्हणून ज्या वाटेला आपण लोकांना घेऊन जातो, तिथे धोका आला तर परदेशी डॉक्टरला विमान आहे, संस्थेला दुसरा देश आहे, दात्याला दुसरा प्रकल्प आहे. प्रोमोटरला घर आणि रान तेवढं आहे. याचा अर्थ जमिनीचं नाव घेऊ नये असा मी काढत नाही. मग तर उरलं काय, नुसत्या जंतांच्या गोळ्या? पण वाट धरायची की नाही हे ज्याचा जीव पणाला आहे त्यानं ठरवायला हवं आणि त्याला पुढचं सगळं माहीत असायला हवं. अनुदानाच्या अर्जात ‘जोखीम’ म्हणून एक रकाना असतो. त्यात आपण पाऊस, निवडणूक, कर्मचाऱ्यांची गळती असलं लिहितो. गावातल्या माणसाचं काय होऊ शकतं, हे त्या रकान्यात लिहिलेलं मी फार क्वचित पाहिलंय.

कुणाचं अक्षर

शिक्षणाची बाजू थोडक्यात सांगते, कारण तिचा जीव एका अक्षरात आहे. काकचिकेल भाषा रोमन लिपीत लिहितात. विसाव्या शतकात ती लिहायला बाहेरून आले ते मुख्यतः बायबलचे भाषांतरकार. कॅमेरॉन टाउनसेंड यांनी केलेला काकचिकेल नवा करार १९३१ साली निघाला. त्यांची वर्णमाला स्पॅनिशच्या चालीवर होती, म्हणजे ‘क’ या ध्वनीला स्पॅनिशप्रमाणे कधी ‘सी’ तर कधी ‘क्यू-यू’. हेतू असा, की मूल आपल्या भाषेत वाचायला शिकेल आणि मग सहज स्पॅनिशकडे सरकेल. माया भाषा ही पायरी, मुक्कामाला पोचलं की सोडून द्यायची.

१९७०च्या आसपास अँटिग्वा शहरात ‘प्रोयेक्तो लिंग्विस्तिको फ्रान्सिस्को मारोकीन’ ही संस्था उभी राहिली. टेरन्स कॉफमन, नोरा इंग्लंड यांच्यासारख्या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञांनी तिथे जेमतेम प्राथमिक शिक्षण झालेल्या माया तरुणांना भाषाशास्त्र शिकवलं. खर्चाची तोड फार हुशारीनं काढली होती: परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवायची शाळा चालवायची आणि त्या फीमधून माया भाषांचे कोश आणि व्याकरणं. काही वर्षांत संस्थेचा कारभारही मायांच्या हाती गेला. तिथून आणि तशाच वर्गांतून तयार झालेल्या पिढीनं १९८७ साली सगळ्या माया भाषांसाठी एक वर्णमाला सरकारकडून मान्य करून घेतली, ‘क’साठी सरळ ‘के’. १९९०मध्ये माया भाषांच्या अकादमीला कायद्यानं स्वायत्तता मिळाली. या वेळी परदेशी संस्थांना बैठकीत बोलायला मुभा होती, ठरवायला नव्हती.

सुईणीचा फोन

१९९६च्या शेवटी शांतता करार झाले आणि १९९७पासून सरकारनं खेड्यापाड्यांतली प्राथमिक सेवा स्वयंसेवी संस्थांना कंत्राटानं द्यायला घेतली. लाखो लोकांपर्यंत लसीकरण आणि गरोदरपणातली तपासणी अशीच पोचली. पण पगार उशिरा येत आणि गावाचा त्यात काही अधिकार नव्हता. २०१४मध्ये कायदा बदलून सरकारनं ही व्यवस्था बंद केली. त्या जागी दुसरं काही उभं नव्हतं. एका सहीनं गावं पुन्हा जिथल्या तिथे.

२०१४-१५च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ४७ टक्के वयाच्या मानानं खुजी निघाली. आदिवासी मुलांत हे प्रमाण ५८ टक्के. चिमाल्तेनांगो राजधानीपासून दीड-दोन तासांवर आहे, अगदी आडबाजूला नाही, तरी तिथलंही हेच दुखणं. बेरहोर्स्टच्या यादीतलं पाचवं.

आता या जिल्ह्यात काम करणाऱ्यांत दोन नावं मी लक्षात ठेवते. बेरहोर्स्टच्या संस्थेचा वारसा ‘आल्देआ’ या नावानं चालू आहे, स्पॅनिशमध्ये खेडं. नळपाणी, शौचालयं, चुली, बाळांचा आहार, आणि प्रत्येकात गावाची मेहनत. दुसरं ‘वुकू कावोक’, माया पंचांगातल्या एका दिवसाचं नाव. २००७ साली सुरू झालेल्या या संस्थेचा मुख्य आग्रह असा, की रुग्णाशी त्याच्या भाषेत बोललंच पाहिजे. संस्थापकांपैकी डॉ. पीटर रोलॉफ स्वतः काकचिकेल आणि किचे बोलतात. मधुमेहाच्या बाईला आहार समजावताना दुभाष्या मधे असला की निम्मं गळतं, हे ज्यांनी भामरागडला किंवा धडगावला काम केलंय त्यांना पटेल.

तेकपान गावाच्या आसपास त्यांचं सुईणींबरोबरचं काम एकदा बारकाईनं बघा. खेड्यातली बहुतेक बाळंतपणं अजून ‘कोमाद्रोना’ म्हणजे सुईणीच करतात. पुष्कळजणींना वाचता येत नाही. एमोरी विद्यापीठातल्या अभियंत्यांबरोबर त्यांनी फोनवरचं एक ॲप बनवलं, पण बनवताना सुईणींना शेजारी बसवून. पडद्यावर अक्षरं नाहीत, चित्रं आहेत आणि काकचिकेलमध्ये बोलणारा आवाज. सुईण पोटावर छोटं डॉप्लर यंत्र धरते, बाळाचे ठोके फोनमध्ये साठतात. रक्तदाबाचं यंत्र गुंडाळते आणि आकडा वाचत बसत नाही, यंत्राच्या पडद्याचा फोटो काढते. रक्तस्राव, झटके, डोकेदुखी, यातलं काही असेल तर तेवढं चित्र दाबते. पलीकडे संस्थेतल्या माणसाचा फोन वाजतो.

त्यापुढचं काम तंत्राचं नाही. बाई रुग्णालयात पोचली, की तिथे पुन्हा स्पॅनिश, पुन्हा फाटक, पुन्हा ‘सुईणीनं बाहेर थांबायचं’. म्हणून संस्थेनं काकचिकेल बोलणाऱ्या सोबतिणी नेमल्या. गाडीची सोय करायची, बाईबरोबर आत जायचं, डॉक्टर काय म्हणतोय ते सांगायचं, सही कशावर घेतायत ते आधी विचारायचं आणि बाळंतीण घरी परतेपर्यंत हात सोडायचा नाही. ॲप आल्यावर सुईणी जास्त बायांना रुग्णालयात पाठवू लागल्या आणि सोबतीण असेल तर बायाही जायला तयार होऊ लागल्या. साठ वर्षांपूर्वी अंगणात पेटलेल्या चुलीचंच हे दुसरं रूप मला वाटतं.

प्रशिक्षण इथवर येतं तेव्हा संध्याकाळ झालेली असते. एखादी आशाताई विचारतेच, की त्या सुईणींना मिळतं काय? २०२२ साली ग्वाटेमालाच्या संसदेनं नोंदणीकृत सुईणींसाठी प्रोत्साहन रक्कम मंजूर केली, हे मी सांगते. वर्षाला ३,००० केत्साल. मग रुपयांत किती होतात ते विचारतात, कुणीतरी फोन काढून हिशेब करतं आणि बाराने भागून महिन्याचा आकडा मोठ्यानं वाचतं.